रॅम स्वस्त झाली, मग हार्डवेअरचे शेअर घ्यावेत का?

सोलापुरी_चादर
११ एप्रिल २०२३, रात्री १०:५०

मंडळी, नमस्कार.

मी पुण्यात एका मध्यम आकाराच्या कंपनीत आयटी सपोर्टला आहे. ऑफिसातल्या ४० लॅपटॉपची रॅम वाढवायची होती म्हणून गेल्या आठवड्यात कोटेशन मागवली. १६ जीबीची डीडीआर४ स्टिक दीड वर्षापूर्वी मी साडेपाच हजारांना घेतली होती, ती आता तीन हजारांत मिळतेय. १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी पाच हजारांच्या आत. साहेब खूश, त्यामुळे मीही खूश.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. आमच्याकडे सोलापूरला मामांचा तेलघाणा होता. शेंगदाणा स्वस्त झाला की मामा आम्हाला हुर्डा पार्टीला न्यायचे, महाग झाला की घरात कोणी बोलायचं नाही. तसंच हेही असणार ना? रॅम, एसएसडी, ग्राफिक कार्ड सगळं उतरलंय, म्हणजे कॉम्प्युटर बनवणाऱ्यांना कच्चा माल स्वस्त, म्हणजे नफा जास्त, म्हणजे शेअर वर. बाजाराच्या हे अजून लक्षात आलं नसेल तर आत्ताच शिरावं असं वाटतंय.

दीड लाख बाजूला ठेवलेत. डेल, एचपीसारख्या परदेशी कंपन्या घ्याव्यात, की भारतातलं काही, की थेट रॅम बनवणाऱ्या कंपन्या? मी बाजारात अगदी नवखा नाही, पण २०२१ च्या आयपीओंमध्ये हात पोळून घेतलेत. म्हणून यावेळी आधी विचारतोय.

उगाच_एक
११ एप्रिल २०२३, रात्री ११:०५

वाचतोय. हुर्डा पार्टी कधी आहे?

तेजीमंदी
११ एप्रिल २०२३, रात्री ११:३२

लॉजिक बरोबर आहे. सरकारचा जोर आता देशात हार्डवेअर बनवण्यावर आहे. मोबाइलला प्रोत्साहन योजनेचा किती फायदा झाला ते मोबाइल बनवून देणाऱ्या डिक्सनच्या शेअरच्या चार्टवर दिसतंच. लॅपटॉपचंही तेच होणार. पार्ट स्वस्त आणि वरून सरकारी अनुदान. डोळे मिटून घ्या.

ग्रँटरोडकर
१२ एप्रिल २०२३, सकाळी ९:४०

डोळे उघडे ठेवून घेतलं तरी ठेच लागते, मिटून काय घेताय.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला माझं २६ वर्षं कॉम्प्युटरच्या पार्टचं दुकान आहे. शेअरमधलं मला कळत नाही, पण भाव पडले की काय होतं ते माझ्याइतकं इथे कोणी सोसलं नसेल. २०१८ च्या गणपतीत मी ८ जीबीच्या दोनशे स्टिक भरल्या. भाव साडेपाच हजारांच्या आसपास होता. दिवाळीत माल उचलला जाईल हा हिशेब. दिवाळीला गिऱ्हाईक आलं, पण भावच तोपर्यंत पाऊण झाला होता. होळीपर्यंत तीन हजारांवर आला. शेजारच्या गाळ्यावाल्याने त्याच दिवशी सकाळी तीन हजारांना माल उचललेला, तो एकतीसशेला विकतोय. मी माझ्या खरेदीचा आकडा सांगत बसलो तर गिऱ्हाईक हसून पुढच्या गाळ्यात जातं. त्याला माझ्या खरेदीशी काय देणंघेणं?

सोलापुरी भाऊ, तुमच्या मामांना विचारा. शेंगदाणा उतरला की पंधरा दिवसांत तेलही उतरतं. मामा कमवायचे ते मधल्या पंधरा दिवसांत. आणि ज्या वर्षी गोदाम शेंगदाण्याने भरलेलं असताना भाव पडला, त्या वर्षी हुर्डा पार्टी झाली नसणार.

आणखी एक. मोठ्या वितरकांना 'प्राइस प्रोटेक्शन' असतं. कंपनीने भाव उतरवला तर त्यांच्या गोदामातल्या मालाचा फरक कंपनी क्रेडिट नोट देऊन भरून देते. तेही काही दिवसांपुरतं, ठरलेल्या मालावरच. आमच्यासारख्या छोट्यांपर्यंत ती क्रेडिट नोट पोचेपर्यंत पुढचा भाव पडलेला असतो.

सोलापुरी_चादर
१२ एप्रिल २०२३, सकाळी १०:१५

@ग्रँटरोडकर, आईला विचारलं. म्हणाली, एका वर्षी मामांनी घाणा गहाण टाकला होता. कारण तुम्ही सांगताय तेच.

ताळेबंद
१२ एप्रिल २०२३, दुपारी १:२०

वरच्या प्रतिसादात दुकानदाराने जे सांगितलं तेच मी ताळेबंदाच्या भाषेत सांगते. (सीए आहे, नाशिक. गुंतवणूक सल्लागार नाही.)

पार्टचे भाव पडतात तेव्हा पैसा कोणाकडे राहतो हे ठरतं ते कंपनीकडे किती दिवसांचा माल पडून आहे यावर. एक कच्चा हिशेब करा. पार्टचा भाव आठवड्याला एक टक्क्याने उतरतोय असं धरू. एका कंपनीकडे पाच आठवड्यांचा साठा आहे, दुसरीकडे एका आठवड्याचा. दोघी आज एकच कॉम्प्युटर विकायला उभ्या आहेत. पहिलीच्या पेटीतले पार्ट दुसरीपेक्षा चार टक्के महाग पडलेत. या धंद्यात एकूण फायदाच पाच-सहा टक्के, त्यातले चार असे गेले.

डेल मोठी झाली ती याच चार टक्क्यांवर. १९८८ साली साडेआठ डॉलरला तिचा शेअर बाजारात आला. दुकानांत माल भरायचाच नाही, गिऱ्हाईकाने फोनवर ऑर्डर आणि पैसे दिले की मग जोडायचा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिचा साठा आठवड्याभराच्या आसपास आला होता, आणि पार्टवाल्यांचे पैसे ती महिन्याहून उशिरा द्यायची. म्हणजे खेळतं भांडवल गिऱ्हाईकाचं आणि पुरवठादाराचं. भाव पडले की डेल दुसऱ्या दिवशी किंमत उतरवायची आणि कॉम्पॅकच्या दुकानांत भरलेला माल तिथेच शिळा व्हायचा. कॉम्पॅक २००२ मध्ये एचपीत गेली. आयबीएमने २००५ मध्ये पीसीचा धंदाच लेनोव्होला देऊन टाकला.

म्हणजे पार्ट स्वस्त होण्याचा फायदा कॉम्प्युटर कंपन्यांना झाला असं म्हणण्यापेक्षा एका कंपनीला झाला आणि बाकीच्यांचा जीव गेला असं म्हणा. पुढे तैवानच्या कारखान्यांकडून सगळेच तसाच माल करून घ्यायला लागले आणि डेलची ती जादूही संपली. २०१३ मध्ये कंपनी बाजारातून काढून घेतली तेव्हा भागधारकांना शेअरमागे पावणेचौदा डॉलर मिळाले.

दुसरा मुद्दा, भाव का पडले हे धागाकर्त्याने विचारलेलंच नाही. पीसी बाजाराची आकडेवारी देणाऱ्या आयडीसी संस्थेचे आकडे नुकतेच आले आहेत. जानेवारी ते मार्च या तिमाहीत जगभर ५.६९ कोटी पीसी कारखान्यांतून निघाले, गेल्या वर्षीपेक्षा २९ टक्के कमी. डेल आणि लेनोव्हो तिशीच्या पलीकडे घसरल्यात. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी लॅपटॉप घेऊन टाकले, आता कोणाला नको आहेत. शेंगदाणा स्वस्त झालाय कारण तेल कोणी घेत नाहीये.

झुआरीकाठ
१२ एप्रिल २०२३, रात्री ८:०५

ताळेबंद, उत्तम प्रतिसाद. भारतातल्या कंपन्यांबद्दल थोडं लिहितो, कारण तरुण मंडळींना तो इतिहास माहीत नसतो.

मी गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत दोन हजारच्या दशकात नोकरी केली. नेटवर्क कार्ड, मोडेम, स्विच असला माल. तेव्हा देशी कॉम्प्युटरच्या जाहिराती पेपरभर असायच्या. झेनिथ, पीसीएस, एचसीएल, विप्रो. भारताने १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेचा माहिती तंत्रज्ञान करार स्वीकारला आणि २००५ पर्यंत कॉम्प्युटर व पार्टवरची आयात जकात शून्यावर आली. पार्ट स्वस्त झाले हे खरं, पण शेजारी तयार कॉम्प्युटरही तितकाच स्वस्त येऊन बसला. विप्रोने २०१३ मध्ये पीसी बनवणं बंद केलं. बाकीच्यांचं काय झालं ते तुम्ही शोधा, फार शोधावं लागणार नाही.

मोझर बेअर आठवते? जगातल्या सर्वांत मोठ्या सीडी-डीव्हीडी बनवणाऱ्यांपैकी एक, आपली, दिल्लीची. कोऱ्या सीडीचा भाव दरवर्षी पडायचा आणि कंपनी दरवर्षी जास्त सीडी बनवायची. २०१८ मध्ये अवसायनाचा, म्हणजे कंपनी गुंडाळण्याचा, आदेश निघाला.

आता याच्या उलट उदाहरण. वेर्ण्याच्याच स्मार्टलिंकने २०११ मध्ये डिजिलिंक हा केबल-सॉकेटचा धंदा श्नायडरला पाचशे कोटींच्या आसपास विकला. भिंतीत पुरायची तार आणि प्लास्टिकचं सॉकेट! आम्ही मदरबोर्डकडे बघून छाती फुगवायचो आणि खरी किंमत आली ती तारेला. तार भिंतीत एकदा गेली की वीस वर्षं कोणी भाव विचारत नाही.

तेजीमंदी
१२ एप्रिल २०२३, रात्री ८:४०

इतिहास वाचून पैसे होत नाहीत काका.

झुआरीकाठ
१२ एप्रिल २०२३, रात्री ८:५२

नाही होत. आहेत ते राहतात.

आजीचा_बटवा
१२ एप्रिल २०२३, रात्री ९:३०

मला यातलं फारसं कळत नाही, पण एक विचारू का? रॅम बनवणारे भाव पडत असतानाही इतकी रॅम बनवतात कशाला? थांबावं ना थोडं.

आमचं माहेर निफाडचं. कांद्याला चांगला भाव मिळाला की पुढच्या हंगामात झाडून सगळे कांदा लावतात. मग लासलगावला ट्रॅक्टरच्या रांगा आणि भाव मातीमोल. त्या वर्षी रडून सगळे दुसरं पीक घेतात, की पुन्हा कांदा शंभर रुपये. तुमची रॅम म्हणजे कांदाच दिसतोय बाळा.

अटकेपार
१३ एप्रिल २०२३, पहाटे ४:१०

आजी, तुम्ही आमच्या अख्ख्या उद्योगाचा सारांश सांगितलात. दंडवत.

मी अमेरिकेत आयडाहोत राहतो, चिप कारखान्यांच्या यंत्रांशी संबंधित काम करतो. कंपनी सांगत नाही, शेअर घ्या-विकाही सांगत नाही. फक्त 'थांबत का नाहीत' याचं उत्तर देतो.

एक कारखाना उभारायला अब्जावधी डॉलर लागतात. खर्चाचा मोठा भाग यंत्रांचा, तो पैसा आधीच गेलेला असतो. कारखाना बंद ठेवला तरी घसारा चालूच. त्यामुळे भाव उत्पादनखर्चाच्या खाली गेला तरी माल काढत राहणं परवडतं, निदान रोख हातात येते. त्यात वेफर (जिच्यावर चिप कोरतात ती सिलिकॉनची चकती) आत टाकल्यापासून चिप बाहेर पडेपर्यंत तीन महिने आणि पुढे आणखी काही आठवडे. आज उत्पादन कमी करायचं ठरवलं तरी बाजाराला ते चार-पाच महिन्यांनी जाणवणार. आणि 'आधी मी नाही, आधी तू' हा खेळ. डीरॅममध्ये (रॅमच्या चिपमध्ये) आता तिघेच मोठे उरलेत, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. पूर्वी वीसेक होते. २००९ च्या जानेवारीत जर्मनीची किमोंडा बुडाली, २०१२ च्या फेब्रुवारीत जपानची एल्पिडा. एल्पिडा मायक्रॉनने २०१३ मध्ये घेतली, जुन्या भागधारकांच्या हाती काही उरलं नाही. 'भाव पडलाय, आता स्वस्तात मिळतोय' म्हणून शेवटच्या वर्षी एल्पिडा घेणारेही असणारच.

आता गंमत बघा. मायक्रॉनने २८ मार्चला निकाल दिला. तिमाहीचा तोटा २.३१ अब्ज डॉलर, त्यात १.४३ अब्ज तर पडून असलेल्या मालाची किंमत उतरवल्यामुळे. विक्री निम्म्याहून कमी. दुसऱ्या दिवशी शेअर सात टक्के वर. ७ एप्रिलला सॅमसंगने सांगितलं की नफा ९६ टक्क्यांनी घटणार आणि मेमरीचं उत्पादन कमी करतोय. शेअर त्याच दिवशी चार टक्क्यांहून जास्त वर.

बरोबर उलटं २०१८ मध्ये. मायक्रॉनने त्या आर्थिक वर्षात १४ अब्ज डॉलर नफा कमावला. शेअर साठ डॉलरच्या वर आणि शेअरमागे मिळकत साडेअकरा, म्हणजे पी/ई (भाव भागिले मिळकत) पाचच्या जवळ. कुठल्याही पुस्तकात बघा, पाच पी/ई म्हणजे फुकटात. डिसेंबरपर्यंत शेअर तीस डॉलरवर आला होता. या धंद्यात पी/ई सर्वांत कमी दिसतो तेव्हा कांदा शंभर रुपये किलो असतो.

ताळेबंद
१३ एप्रिल २०२३, सकाळी ११:००

@अटकेपार, त्या १.४३ अब्जांत एक मेख आहे, ती सगळ्यांसाठी सांगते. मालाची किंमत एकदा उतरवून तोटा दाखवला की तो माल पुस्तकात स्वस्त झाला. पुढे तोच माल विकला जातो तेव्हा फायदा असतो त्यापेक्षा जास्त दिसतो. म्हणजे आत्ताचा तोटाही फुगलेला आणि नंतरची सुधारणाही फुगलेली. २००१ मध्ये नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्कोने दोन अब्ज डॉलरहून जास्त माल असाच निकालात काढला होता. त्याआधी साठा-व्यवस्थापनाचे धडे द्यायला लोक सिस्कोचंच उदाहरण देत.

ग्रँटरोडकर
१३ एप्रिल २०२३, दुपारी १२:३०

अटकेपार साहेब, तुमचं सगळं मान्य, पण भाव अजून पडणार. आमच्याकडे वितरकाचा माणूस रोज फोन करतोय, "शेठ, थोडा उचला ना, टार्गेट पुरं करायचंय." तो स्वतःहून फोन करतो तेव्हा माल डोक्यावर झालेला असतो. तो फोन उचलायचा बंद करेल तेव्हा मी खरेदी करीन. हा माझा पी/ई.

अटकेपार
१३ एप्रिल २०२३, रात्री ११:४५

रॅम तेव्हाच घ्या. शेअर त्याच्या आधी हलतो, इतकंच म्हणणं.

सोलापुरी_चादर
१४ एप्रिल २०२३, सकाळी ८:२०

माझा गोंधळ वाढला, पण चांगल्या अर्थाने. म्हणजे कॉम्प्युटर जोडणाऱ्यांना फायदा टिकत नाही, दुकानदाराला तोटा, आणि रॅम बनवणारे तोट्यात असतानाच त्यांचा शेअर वर जातो. बरोबर ना?

वितरकांचं काय? रेडिंग्टन वगैरे?

ताळेबंद
१४ एप्रिल २०२३, सकाळी ९:१०

वितरकाचा निव्वळ नफा विक्रीच्या दोन टक्क्यांच्या आसपास. त्याला भावापेक्षा उलाढाल आणि उधारीची वसुली महत्त्वाची. लॅपटॉप स्वस्त झाला तर तितकेच नग विकून दोन टक्के मात्र कमी रकमेवर मिळतात, म्हणजे भाव पडणं त्याच्या विरोधातच. ताळेबंदात साठ्याचे दिवस, येणी आणि कर्जावरचं व्याज हे तीन आकडे एकत्र बघा. नफा-तोटा पत्रक नंतर.

आणि परदेशी शेअर घेणार असाल तर हे आधी वाचा. पैसे रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस (परदेशी पैसे पाठवण्याच्या) योजनेतून जातात, वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, ती तुम्हाला पुरेल! पण २०२३ च्या अर्थसंकल्पात १ जुलैपासून अशा रकमेवरचा टीसीएस (पैसे पाठवतानाच कापून घेतात तो कर) पाचवरून वीस टक्के करायचं म्हटलंय. तो विवरणपत्र भरल्यावर परत किंवा वजा मिळतो, तोपर्यंत पैसा अडकतो. अमेरिकी लाभांशावर तिथेच २५ टक्के कापून घेतात. आणि विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरायला विसरू नका, एक शेअर असला तरी. माझ्याकडे दर जुलैत दोघे-तिघे "मॅडम, अहो एकच तर शेअर होता" म्हणत येतात आणि दंडाचा आकडा ऐकून पाणी मागतात.

संपादक मंडळ
१४ एप्रिल २०२३, दुपारी ४:००

चर्चा चांगली चालू आहे. विशिष्ट शेअर 'घ्या', 'डोळे मिटून घ्या' असे सल्ले कृपया देऊ नयेत.

तेजीमंदी
१८ मे २०२३, सकाळी ९:२५

काल केंद्रीय मंत्रिमंडळाने आयटी हार्डवेअरसाठी १७,००० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली. डोळे उघडे ठेवून हा धागा वर काढतोय.

झुआरीकाठ
१८ मे २०२३, रात्री ७:४०

चांगली गोष्ट आहे, मनापासून म्हणतो. पण अनुदान मिळतं ते वाढीव विक्रीवर, काही वर्षांपुरतं. ते संपल्यावर धंदा उभा राहतो का हे आम्ही वेर्ण्यात बसून बघितलंय. करसवलतीसाठी आलेले कारखाने सवलत संपताच ट्रक भरून दुसऱ्या राज्यात गेले.

तेजीमंदी
५ ऑगस्ट २०२३, सकाळी १०:००

३ तारखेला लॅपटॉपच्या आयातीवर परवाना लावला, देशी हार्डवेअरचे शेअर उसळले. काल रात्री सरकारने १ नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकललं. मी परवा घेतले होते. बोलू नका कोणी काही.

उगाच_एक
५ ऑगस्ट २०२३, सकाळी १०:०४

काही बोललो नाही.

ग्रँटरोडकर
२७ ऑक्टोबर २०२३, रात्री ९:५०

वितरकाचा माणूस फोन उचलत नाहीये. आठवड्यात दोनदा भाव बदलला, वरच्या बाजूला. मी कालच थोडा माल भरला. सोलापुरी भाऊ, तुमच्या ऑफिसला लागणार असेल तर थांबू नका.

अटकेपार
२८ ऑक्टोबर २०२३, पहाटे ५:३०

@ग्रँटरोडकर, तुमची वेळ अचूक निघाली. फक्त नोंद म्हणून, मायक्रॉनचा शेअर गेल्या डिसेंबरच्या अखेरीस पन्नासच्या खाली होता, पुस्तकी मूल्याच्या जवळपास. रॅमचा भाव वळायच्या आधी नऊ-दहा महिने तो वळला होता.

सोलापुरी_चादर
१८ नोव्हेंबर २०२४, रात्री १०:३०

दीड वर्षाने स्वतःचाच धागा वर काढतोय. हिशेब द्यायचा राहिला होता.

मी शेवटी दीड लाखातले एक लाख हार्डवेअरमध्ये घातलेच नाहीत, इंडेक्स फंडात टाकले. उरलेल्या पन्नासात घरच्या मशीनसाठी ६४ जीबी रॅम आणि दोन एसएसडी घेतल्या, आणि बाकीचे बायकोने वॉशिंग मशीनला वळवले. पण त्या वेळी चर्चेत आलेली नावं मी वहीत लिहून ठेवली होती आणि अधूनमधून भाव टिपत होतो.

डेल तेव्हा चाळिशीत होता, यंदाच्या मेमध्ये १७० डॉलरच्या वर गेला. मी कपाळाला हात लावला, म्हणजे माझं शेंगदाण्याचं गणित बरोबरच होतं! मग एचपी बघितला. तेव्हा तिशीच्या आसपास, याच मेमध्ये पस्तिशीच्या आसपास. दोघींना रॅम त्याच भावाने मिळत होती. फरक पडला तो एआयच्या सर्व्हरमुळे. रॅमच्या स्वस्ताईचा त्यात काही संबंध नव्हता.

सॅमसंग आणि हायनिक्सचं तर मला अजून पचलेलं नाही. दोघी रॅमच बनवतात, दोघी एकाच देशातल्या. एप्रिल २०२३ मध्ये सॅमसंग ६५ हजार वॉनच्या आसपास होता. परवा पन्नास हजारांच्या खाली गेला. हायनिक्स तेव्हा नव्वद हजारांच्या घरात, यंदा जुलैत दोन लाखांच्या वर. अटकेपार, असं कसं?

अटकेपार
१९ नोव्हेंबर २०२४, पहाटे ४:४५

एचबीएम. चिपवर चिप रचून केलेली मेमरी, एनव्हिडियाच्या एआय कार्डांना लागते. त्यात हायनिक्स पुढे निघून गेली आणि सॅमसंग मागे पडली. आजींच्या भाषेत सांगायचं तर दोघांच्या शेतात कांदाच होता, पण एकाचा निर्यातीच्या प्रतीचा निघाला. एप्रिल २०२३ मध्ये कोणी मला विचारलं असतं 'दोघांपैकी सुरक्षित कोण', तर मी सॅमसंग म्हटलं असतं. म्हणूनच मी सल्ला देत नाही.

आजीचा_बटवा
१९ नोव्हेंबर २०२४, सकाळी ७:१५

वॉशिंग मशीन चांगलं चाललंय ना?

सोलापुरी_चादर
१९ नोव्हेंबर २०२४, सकाळी ८:००

हो आजी. कमी आवाज करतं.

ताळेबंद
९ एप्रिल २०२५, दुपारी २:१०

अमेरिकेच्या आयातशुल्काच्या घोषणेनंतर बाजार कोसळलाय, म्हणून हा धागा आठवला. मायक्रॉन पासष्ट डॉलरच्या आसपास आलाय. हा धागा निघाला तेव्हा साठच्या थोडा वर होता. मधे गेल्या जूनमध्ये दीडशेच्या पलीकडे जाऊन आला. म्हणजे एखाद्याने अगदी योग्य वेळी, तोट्याच्या बातम्यांत, धीर धरून घेतला असता आणि 'दीर्घ मुदतीची गुंतवणूक' म्हणून हातच लावला नसता, तर दोन वर्षांत त्याला बँकेतल्या ठेवीइतकंही मिळालं नसतं. चक्राच्या धंद्यात घेण्यावर सगळे बोलतात, विकण्याबद्दल या पूर्ण धाग्यात एक ओळ नाही. माझ्याही प्रतिसादांत नाही.

तेजीमंदी
९ एप्रिल २०२५, दुपारी २:३०

मी एकदा विकण्याबद्दल बोलणार होतो. तेव्हा स्टॉपलॉस लागला, शेअर आपोआप विकले गेले.

ग्रँटरोडकर
१२ डिसेंबर २०२५, रात्री १०:२०

मंडळी, कोणी जागं आहे का?

२६ वर्षं दुकान म्हणून लिहिलं होतं, आता २८ होऊन गेली. असला बाजार मी बघितला नाही. एआयवाल्यांनी सगळी मेमरी उचललीय. डीडीआर५ चार महिन्यांत दुप्पट-तिप्पट. कोटेशन दिलं तर खाली लिहितो, 'भाव आज संध्याकाळपर्यंत'. गेल्या आठवड्यात मायक्रॉनने जाहीर केलं की क्रुशल या नावाने किरकोळ ग्राहकाला रॅम विकणंच ते बंद करणार. वीस-पंचवीस वर्षं तो डबा माझ्या शोकेसमध्ये आहे. आणि शेअर दोनशेच्या वर, मुलगा सांगत होता. आता मला रोज दोन फोन येतात, "शेठ, रॅमचे शेअर घेऊ का?" एप्रिल २०२३ मध्ये असा एक फोन आला नव्हता. फक्त हा धागा निघाला होता.

आजीचा_बटवा
१३ डिसेंबर २०२५, सकाळी ६:५०

म्हणजे आता सगळे कांदा लावणार.

अटकेपार
१३ डिसेंबर २०२५, सकाळी ८:३०

लावायला घेतलाय, आजी. माझ्या घरापासून वीस मिनिटांवर नवा कारखाना उभा राहतोय, क्रेन दिसतात. यावेळी मागणी वेगळी आहे, टिकणारी आहे, असं कँटीनमध्ये सगळे म्हणतात. २०१८ मध्येही म्हणत होते, तेव्हा डेटा सेंटर हा शब्द होता. खरं असेलही.

सोलापुरी_चादर
१३ डिसेंबर २०२५, सकाळी ९:०५

२०२३ मध्ये घेतलेली ती ६४ जीबी रॅम आज विकायला काढली तर घेतली त्याच्या दुपटीहून जास्त येतील. माझ्या इंडेक्स फंडाने इतकं दिलेलं नाही. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

ग्रँटरोडकर
१३ डिसेंबर २०२५, सकाळी ९:११

डीडीआर४ आहे ना? ३२००? बिल आहे का? मेसेज टाकतो, आजच्या आज बोला. संध्याकाळी भाव बदलला तर मी जबाबदार नाही.